आधी वारा, मग वॅट

दसरा झाला की माझ्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं वाढतात. एक ट्रॅक्टरवाली, ऊसतोडीच्या आधी दिवे आणि वायरिंग करून घ्यायला आलेली. दुसरी दिवाळीच्या सुट्टीत मोटरसायकलवरून लांब निघणारी. या दुसऱ्यांना चार्जर हवा असतो, फॉग लाइट हवे असतात आणि सगळ्यात शेवटी, जरा लाजत, गाणी हवी असतात. लाजायचं काही कारण नाही. दहा तासांच्या रस्त्यावर सोबतीला गाणं असावं असं कुणालाही वाटेल. या वेळच्या टपालात तोच विषय जास्त आहे, म्हणून हा सबंध महिना त्यालाच देतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. सांगतो ते स्वतः बसवलेलं, काढलेलं आणि दुरुस्त केलेलं.

कराडचे एक प्राध्यापक लिहितात: माझी मीटिऑर ३५० आहे. दिवाळीत मी आणि सौ. कन्याकुमारीला जाणार आहोत. दुकानदार हँडलवर लावायची स्पीकरची जोडी दाखवतोय, खोक्यावर ६०० वॅट लिहिलंय, बसवून साडेसहा हजार म्हणतो. मित्र म्हणतात हेल्मेटमधला ब्लूटूथ घे. दोघांना ऐकू येईल असं काय घ्यावं?

सर, आधी त्या खोक्याचा विषय संपवू. दुकानदाराला सांगा, वायर बाहेर काढ आणि तिच्यावरचा फ्यूज दाखव. बहुतेक वेळा तो ५ अँपिअरचा निघतो. १२ व्होल्ट गुणिले ५ म्हणजे ६० वॅट. त्याहून फार जास्त वीज त्या तारेतून गेली तर फ्यूज उडणार. ६० वॅट आत जात असतील तर ६०० बाहेर कुठून येणार? खोक्यावरचा तो आकडा क्षणभराच्या कमाल धक्क्याचा म्हणून छापलेला असतो. तुम्ही फक्त 'आरएमएस', म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, असं ज्याच्यापुढे लिहिलंय तो आकडा बघायचा. मोटरसायकलच्या बॅटरीवर, आत व्होल्टेज वाढवायची सोय नसलेला अँप्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला एका बाजूला १८-२० वॅटच्या पुढे स्वच्छ आवाज देऊच शकत नाही. कंपनी कुठलीही असो, गणितच तसं आहे.

आता हे २० वॅट रस्त्यावर किती पुरतात ते बघा. तीन इंची स्पीकर १ वॅटला एका मीटरवर साधारण ८५ डेसिबल आवाज देतो. वीज दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०. म्हणजे २० वॅटला झाले ९८. दोन स्पीकर धरा, हँडल तुमच्यापासून मीटरभराच्या आतच आहे हे धरा, आणखी थोडे मिळतील. पण तुमच्या डोक्यात हेल्मेट आहे, ते गाण्यातला वरचा सगळा नाजूक भाग अडवतं. आणि ताशी ८०-१०० ला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ ते १००च्या घरात असतो. गाणं आणि वारा समोरासमोर, आणि वारा कधी दमत नाही. साठपर्यंत गाणं ऐकू येईल, सत्तरला फक्त ठेका उरेल, नव्वदला काहीतरी वाजतंय एवढंच कळेल. मागे बसलेल्या बाईंना तर तुमच्या पाठीआड काहीच येणार नाही. मग तुम्ही आवाज वाढवणार. बेळगावात सिग्नलला थांबाल तेव्हा तोच आवाज अख्ख्या चौकाला ऐकू जाईल, आणि तुम्ही हातमोजा काढून बटण शोधत बसाल. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तशी तरतूद आहे.

"मग मोठा अँप्लिफायर लावू" असं पुष्कळ जण म्हणतात. आणखी १० डेसिबल हवे तर २०० वॅट लागतील एका बाजूला. तेवढ्यासाठी बॅटरीतून १६-१७ अँपिअर ओढावे लागतील, दोन्ही बाजू धरल्या तर दुप्पट. साडेतीनशे सीसीच्या गाडीचं चार्जिंग हेडलाइट, इंजेक्शन आणि इग्निशन सांभाळून एवढं देऊ शकत नाही. तुमची बॅटरी ८ अँपिअर-तासांची आहे आणि तुमच्या गाडीला किक नाही. टपरीवर चहा पिताना गाडी बंद ठेवून मोठ्याने गाणी लावली आणि निघताना स्टार्टरने नुसतं 'टक्' केलं, अशा गाड्या ढकलत आणलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून तुमच्यासाठी हेल्मेटमधलाच संच, आणि दोन हेल्मेटांना दोन. स्पीकर ४० मिलिमीटरचे, कानापासून बोटभर अंतरावर. तिथे अर्धा वॅटसुद्धा भरपूर होतो. गाडीच्या वायरिंगला हात लागत नाही, म्हणजे वॉरंटीचीही भानगड नाही. शिवाय तुम्हाला दोघांना बोलता येईल, आणि माझ्या मते हीच खरी खरेदी आहे. कऱ्हाडपासून बंगळूरपर्यंत ४८ नंबरचा हायवे, पुढे ४४ नंबरने सेलम, मदुराई करत कन्याकुमारी. इतक्या तासांत "पाणी पाहिजे", "पाय आखडलेत", "जरा हळू" हे खांद्यावर थापा मारून सांगायचं की सरळ बोलायचं? गाणी चार तासांनी कंटाळवाणी होतात, बोलणं होत नाही.

कार्डो, सेना, बंगळूरची ब्लूआर्मर अशी नावं बाजारात आहेत. मी नावावर जात नाही, चार गोष्टी बघतो. हातमोज्यासकट दाबता येईल असं मोठं बटण किंवा चाक आहे का. माइक तुमच्या हेल्मेटच्या प्रकाराचा आहे का. पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटला तारेचा छोटा माइक लागतो, उघड्याला दांडीचा. चार्ज करता करता चालतो का. आणि फोम, क्लिप, स्पीकर सुटे मिळतात का. दोघांचेच संच असतील तर साधा ब्लूटूथ इंटरकॉम पुरे. सहा-आठ गाड्यांचा ग्रुप असेल तरच मेशचे, म्हणजे सगळे संच आपोआप एकमेकांना जोडणाऱ्या प्रकाराचे, जास्तीचे पैसे द्या, आणि तेव्हाही घाटातल्या वळणाआड गेलेली गाडी तुटतेच, डोंगराच्या आरपार काही जात नाही. इंटरकॉम चालू असताना गाण्याचा दर्जा उतरतो, पुष्कळ संचांत ते फोनवरच्या आवाजासारखं होतं. संच बिघडलाय असं समजून परत करायला जाऊ नका.

एक विनंती. हेल्मेट आयएसआयचंच हवं, १ जून २०२१ पासून देशात दुसरं विकायलाच परवानगी नाही. आणि स्पीकर बसत नाही म्हणून आतलं थर्माकोल कुणालाही कोरू देऊ नका. पडल्यावर डोकं वाचवतं ते थर्माकोल. कानाशी खोबण असलेलं हेल्मेट मिळतं, ते घ्या.

रत्नागिरीच्या एक बँक कर्मचारी लिहितात: मी हिमालयन चालवते. हेल्मेटमध्ये चांगल्या नावाचा संच घेतला. घरी छान वाजतो. हायवेला सत्तरच्या पुढे आवाज पूर्ण केला तरी शब्द कळत नाहीत, आणि रात्री झोपताना कानात बारीक शिट्टी वाजते. संच बदलू का?

ताई, संच बदलू नका. ती रात्रीची शिट्टी मात्र हलक्यात घेऊ नका. या पत्राचं उत्तर मी सावकाश देणार आहे.

आधी स्पीकरची जागा. हेल्मेट घातल्यावर आपला कान बसतो त्याहून स्पीकर अर्धा-पाऊण इंच मागे किंवा खाली चिकटवलेला असतो, दहांतल्या सात जणांचा. आरशात बघून कळत नाही. असं करा: कानाच्या पाळीच्या आत, भोकासमोरच्या त्या छोट्या उंचवट्यावर लिपस्टिकचा किंवा कुंकवाचा ठिपका लावा आणि हेल्मेट सरळ घालून सरळ काढा. आतल्या कापडावर डाग उमटेल. स्पीकरचा मध्य त्या डागावर आला पाहिजे. मग स्पीकर आणि कान यांतली पोकळी बघा. स्पीकर कानाला टेकू नये, नाहीतर तासाभरात पाळी दुखते, पण जेमतेम लागेल न लागेल इतका जवळ हवा. संचासोबत काळ्या फोमच्या चकत्या येतात त्या याचसाठी असतात, लोक त्या खोक्यातच ठेवतात. माझ्याकडे आलेल्या एका पोराचे स्पीकर मी फक्त एक चकती घालून कानाजवळ आणले, त्याला वाटलं मी आतला अँप्लिफायर बदलला.

दुसरा वारा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या आसपास फूटरेस्टवर क्षणभर उभ्या राहा. डोकं काचेच्या वर गेल्यावर गोंगाट एकदम कमी झाला, तर तो गोंगाट तुमची विंडशील्डच करतेय. तिच्या कडेवरून उडालेला खवळलेला वारा नेमका हनुवटीवर आपटतोय. मग काच थोडी उंच करा किंवा चक्क काढून टाका. दोन्ही करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही, कारण प्रत्येकाची बसायची उंची वेगळी. आणि हेल्मेटच्या खालच्या कडेतून वारा शिरतो, तिथे गळ्याभोवती जाड कापडी गळपट्टा घ्या. मी कापसाचा वापरतो. खर्च शंभर-दीडशे, फरक कुठल्याही महाग स्पीकरपेक्षा जास्त.

तिसरे इअर प्लग. "कानात बोळा घालून गाणं कसं ऐकू येणार?" हे मला रोज ऐकावं लागतं. येतं, आणि जास्त स्वच्छ येतं. १०० डेसिबलच्या वाऱ्यात कान दबून गेलेला असतो, त्याला दोन आवाजांतला फरक करता येत नाही. प्लग घातला की वारा आणि गाणं दोन्ही खाली येतात, कान मोकळा होतो, शब्द सुटे होतात. हॉर्न आणि ट्रकचा आवाजही कळतो. मेडिकलमध्ये फोमचे मिळतात. घालायची रीत आहे: बोटांत वळून बारीक वात करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, वात आत सरकवा आणि फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता कानात टेकवून ठेवलेला प्लग काही कामाचा नाही.

अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी नायॉश ही संस्था सांगते की ८५ डेसिबल आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास ऐकावा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास. १०० ला १५ मिनिटं. तुम्ही रत्नागिरीहून गोव्याला जाता तेव्हा किती वेळ लागतो?

आता माझं सांगतो. २०१७ मध्ये मी कोल्हापूर ते लेह गाडीवर गेलो. हेल्मेटखाली कानात इअरफोन, आवाज पूर्ण, तीन आठवडे. परत आलो तेव्हा तुमच्यासारखीच शिट्टी होती, चार दिवसांत गेली असं वाटलं. पुढच्या वर्षी दुकानात एका गाडीचा स्टार्टर रिले, म्हणजे स्टार्टरला वीज सोडणारा स्विच, तपासत होतो. बटण दाबायला पोराला सांगितलं आणि कान लावून बसलो. म्हटलं, रिले गेला, बदल. तो म्हणाला, "मामा, वाजतोय की." मी परत दाबायला लावलं. तो म्हणाला, "आत्ता वाजला की, मामा." माझं सगळं आयुष्य त्या 'टिक' आवाजावर गेलंय. रिले वाजतो की नाही हे ऐकून मी अर्धी गाडी तपासतो. डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दिला. सरळ जाणारी रेघ ४००० हर्ट्झच्या जागी खड्ड्यासारखी खाली गेली होती, डाव्या कानाला जास्त. गोंगाटाने झालेला बहिरेपणा असाच, तिथूनच सुरू होतो, म्हणाले. आतल्या कानातले ते केसासारखे बारीक तंतू एकदा मेले की परत उगवत नाहीत. आता गिऱ्हाइकाने "आठ अँपिअरचा" म्हटलं की "साठचा" म्हटलं हे मला त्याच्या ओठांकडे बघून ठरवावं लागतं, कारण तो 'स' मला येतच नाही.

तुमची शिट्टी सकाळपर्यंत जात असेल, तर अजून वेळ आहे. एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तो आलेख काढून घ्या आणि जपून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडून बघता येईल. आणि प्लगची एक जोडी हेल्मेटमध्ये आणि एक टँक बॅगमध्ये कायमची ठेवा.

बारामतीचा एक विद्यार्थी लिहितो: काका, मी स्वतःच यूट्यूब बघून हँडलला स्पीकर आणि अँप्लिफायर लावलाय. रेस दिली की स्पीकरमधून 'उंऽऽऽ' असा आवाज चढत जातो, रेस सोडली की उतरतो. स्पीकर खराब आहे का?

नाही रे. तो तुझ्या अल्टरनेटरचा आवाज आहे, वायरिंगच्या वाटेने आत आलेला. गाडी चालू ठेव आणि फोनची चार्जिंगची वायर काढून टाक, ऑडिओची राहू दे. आवाज गेला तर फोनला अर्थिंग दोन वाटांनी मिळतंय, एक चार्जरमधून आणि एक ऑडिओ वायरमधून. मग एकतर गाणी ब्लूटूथवर लाव, नाहीतर ऑडिओच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाल, छोटी डबी असते. आवाज तसाच राहिला तर अँप्लिफायरची अर्थ वायर चेसिसच्या रंग लागलेल्या बोल्टला लावलेली असेल. ती थेट बॅटरीच्या मायनसला आण.

आणि तू स्वतः काम केलंयस त्याचं कौतुक आहे, म्हणून तीन गोष्टी आजच तपास. प्लसच्या वायरला बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज आहे का? अँप्लिफायरजवळ असलेला फ्यूज अँप्लिफायर वाचवतो, मधली वायर नाही. दुसरं, वीज रिलेतून घेतलीस का, की चावी बंद केली की सगळं बंद होईल? आणि तिसरं, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरव आणि मुंडीपाशी वायर बघ. गेल्या वर्षी एक गाडी आली, चालता चालता बंद पडते म्हणून. टाकी काढली. स्पीकरची वायर हँडलच्या मुंडीत दर वळणाला चिमटत होती. वरचं प्लॅस्टिक घासून गेलेलं, आतलं तांबं पावसाने हिरवं झालेलं, आणि शेजारची इग्निशनची वायरही अर्धी सोललेली. मालक रोज त्या गाडीवरून लहान पोरीला शाळेत सोडत होता. वायरला तिथे ढिलाई ठेव आणि वर कापडी टेप गुंडाळ.

टेक्सासमधले एक वाचक लिहितात: मूळचा साताऱ्याचा, आता ह्यूस्टनजवळ असतो. फेअरिंगमध्ये (पुढच्या आवरणात) स्पीकर असलेली दहा वर्षं जुनी मोठी टूरिंग मोटरसायकल घेतली आहे. ताशी ७० मैलांना आवाज पसरट आणि बसका येतो. अँप्लिफायर बदलू की स्पीकर? पुढच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने जायचा बेत आहे.

तुमच्या गाडीचा मामला आमच्या इकडच्या गाड्यांहून वेगळा आहे. तिथे कारखान्यातूनच फेअरिंग आणि पेट्या लावून मोटरसायकल विकायची रीत जुनी. होंडाची १९८० ची गोल्ड विंग इंटरस्टेट तशी होती. रुंद फेअरिंग वारा अडवते, स्पीकर तोंडासमोर असतात आणि चार्जिंगही भक्कम असतं. त्यामुळे हँडलच्या स्पीकरबद्दल मी वर जे लिहिलं ते तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही.

आधी स्पीकर. जुन्याची जाळी काढून कोनच्या कडेची घडी बोटाने दाबा. उन्हाने ती कडक होते, तडकते, आणि मग आवाज बसतो. नवा घेताना वॅटपेक्षा संवेदनशीलतेचा आकडा बघा, म्हणजे १ वॅटला एका मीटरवर किती डेसिबल तो. ८७ डेसिबलवाल्याच्या जागी ९२ चा लावलात तर त्याच अँप्लिफायरमधून ५ डेसिबल जास्त मिळतात, आणि तेवढं विजेतून मिळवायला अँप्लिफायर तिप्पट मोठा लागला असता. पाण्याचं आणि उन्हाचं बघून मरीन दर्जाचा घ्या. ओहम मात्र जुन्याइतकेच ठेवा; ४ ओहमच्या अँप्लिफायरला २ ओहमचे स्पीकर लावले तर तो तापून बंद पडेल. मापं उघडून मोजल्याशिवाय मागवू नका, खोलीसुद्धा. बसवताना स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी पूर्ण गोल लावा. तिथे फट राहिली की मागचा आवाज पुढे येऊन पुढच्या आवाजाला खातो, आणि पहिला बळी खर्जाचा. तुमचा 'पसरट' शब्द वाचून मला ती फटच दिसतेय.

कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकणारा हेडसेट किंवा दोन्ही कानांत इअरफोन घालून गाडी चालवायला कायद्याने मनाई आहे. टेक्सासची सवय घेऊन तिथे शिरू नका.

सावंतवाडीहून विचारणा: पावसात कुठलं यंत्र टिकतं? सगळेच वॉटरप्रूफ म्हणतात.

'वॉटरप्रूफ' हा शब्द सोडून द्या, आयपीचा आकडा विचारा, 'आयपी ६७' असा लिहिलेला असतो. त्यातला शेवटचा अंक पाण्याचा. ४ म्हणजे उडणारे शिंतोडे. ५ आणि ६ म्हणजे पाण्याची धार. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आंबोलीच्या पावसात ताशी साठने जाताना समोरून येणारा थेंब शिंतोडा नसतो, धार असते. म्हणून ६ च्या खाली उतरू नका. त्याच्या आधीचा अंक धुळीचा, तो ६ असेल तर उत्तम, 'एक्स' असेल तर धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही असं समजा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच निघालं की हे सगळे आकडे रद्द. आणि सर्व्हिसिंगला प्रेशर वॉशरची पिचकारी कुठल्याच स्पीकरवर मारू देऊ नका.

अहमदपूरहून एक वाचक लिहितात: वय ७१. माझी जुनी स्प्लेंडर आहे. रोज सकाळी शेतावर जातो, सात किलोमीटर, पस्तीस-चाळीसच्या वर कधी जात नाही. जाताना आकाशवाणीच्या बातम्या आणि नाट्यगीतं ऐकावी अशी इच्छा आहे. नातू म्हणतो हेल्मेटमध्ये यंत्र बसवा, पण त्याची बटणं मला उमगत नाहीत. साधं काही आहे का?

आहे काका, आणि तुम्हाला हेल्मेटमधलं यंत्र नकोच. वर मी हँडलच्या स्पीकरच्या विरोधात एवढं लिहिलं ते नव्वदच्या वेगासाठी. पस्तीसला वारा अजून आपल्या बाजूचा असतो. नातवाला सांगा, ५ वॅटचा, एफएम रेडिओ असलेला, स्वतःची बॅटरी असलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर आण. गाडीच्या वायरिंगला हात लावायचा नाही. रेडिओवर तुमचं केंद्र एकदा लावून ठेवलं की रोज एकच बटण. तुमच्या भागात एफएम नीट धरत नसेल तर आकाशवाणीचं ॲप फोनवर आहे, ते नातू लावून देईल.

स्पीकर हँडलच्या मधोमध, मीटरच्या मागे, रबरी पट्ट्याने बांधायचा. क्लचच्या आणि ब्रेकच्या तारा पट्ट्याखाली दबू देऊ नका, हँडल दोन्हीकडे फिरवून बघा. स्पीकरचं तोंड आभाळाकडे नको, तुमच्या छातीकडे थोडं वर कललेलं हवं. हेल्मेट घालायचंच, हनुवटीचा पट्टा लावून. आवाज किती ठेवायचा ते घरून निघताना ठरवू नका. गावाबाहेर पडल्यावर गाडी कडेला उभी करा, इंजिन चालू ठेवा, आणि बातम्या देणाऱ्याचा शब्द न शब्द कळेल एवढाच ठेवा. मागून हॉर्न आला आणि तुम्हाला आरशात बघायच्या आधी कळला, तर बरोबर लागलाय.